नव्या पाण्याचा शुक्रवार

जून संपत आला की माझा फोन दोन कारणांसाठी वाजतो. एक म्हणजे नळाला पाणी आलेलं नसतं. ते सोडणं न सोडणं माझ्या हातात नाही, तरी शिव्या मीच खातो, कारण पाण्याच्या खात्यात नोकरी करणारा आमच्या गल्लीत मी एकटा. दुसरं कारण मात्र मला मनापासून आवडतं. कधी ओळखीचा, कधी दुसऱ्याच पेठेतला कुणीतरी माणूस आवाज जरा मऊ करून विचारतो, "पावणं, नदीला नवं पाणी आलं का?" त्या एका प्रश्नासाठी मी वर्षभराच्या शिव्या गिळायला तयार असतो.

बाहेरगावच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगतो. आषाढात आमच्याकडं टेंबलाईची जत्रा असते. पंचगंगेला डोंगरातलं पहिलं तांबडं पाणी आलं की एकेक गल्ली आपापला मंगळवार किंवा शुक्रवार धरते. बायका आणि पोरी घाटावर जाऊन कलश भरतात, त्याला कडुनिंबाचा पाला आणि झेंडूची माळ बांधतात, आणि पी-ढबाकच्या, म्हणजे पिपाणी-ढोलाच्या तालावर ते पाणी डोक्यावरून टेकडीवर नेऊन देवीच्या पायरीवर ओततात. नदी गावाच्या पश्चिमेला, टेकडी पूर्वेला. म्हणजे नदीला सगळं गाव दाखवत देवीच्या भेटीला न्यायचं. ओतलेलं पाणी टेकडीवरून उतरतं, ओढ्यानाल्यांतून परत नदीलाच मिळतं. नंतर गल्लीत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणावळी होतात आणि सगळे सुस्त होऊन पडतात.

यातली गंमत अशी की ज्या तांबड्या पाण्याला गाव डोक्यावर घेतं, त्याचा तांबडेपणा काढण्याचा पगार मला मिळतो.

शहराच्या वरच्या अंगाला नदीचं पाणी काठच्या विहिरीत घेऊन उचलतात आणि ते आमच्या फिल्टर हाऊसला येतं. तिथं त्यात तुरटी पडते, गाळ खाली बसतो, पाणी वाळूतून झिरपतं, औषध मिसळतं आणि मग गावात जातं. माझं निम्मं आयुष्य त्या टाक्यांच्या कठड्यावर उभं राहण्यात गेलंय. लोकांना पाणी म्हणजे नळातली धार. मी त्याचे सगळे नखरे बघितलेत. थंडीत पहाटे टाक्यांवर धुकं असं बसतं की पलीकडच्या काठावरचा सहकारी नुसता खोकल्यावरून ओळखावा लागतो. त्याच वेळी कठड्याच्या लोखंडी नळीवर दव साचतं, हात ठेवला की बाही ओली. एप्रिलात वळवाच्या गारा पडतात, त्या टाकीत तडतडतात आणि बघता बघता विरघळून गावाच्या पिण्यात जातात. मे महिन्यात पाण्याची पातळी नुसत्या उन्हानं खाली जाते, कुणी न पिता. ते गेलेलं पाणी कुठं गेलं हे विचारायला मी वर बघतो, आणि वर एकही ढग नसतो. पण ते असतं. पाणी हरवत नाही, ते फक्त दिसायचं थांबतं. कुठंतरी जमतं, सह्याद्रीला अडतं, गगनबावड्याच्या जंगलात कोसळतं आणि आमच्या दारात परत येतं. एवढा मोठा फेरा मारून येणाऱ्याला मी हात लावतो, त्याचं तोंड धुतो आणि गावात सोडतो. या कामाचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. कोल्हापूरचा पैलवान, कोल्हापूरचं दूध, कोल्हापूरचा गूळ असं लोक छाती काढून सांगतात. या सगळ्यांच्या पोटात आधी पाणी गेलेलं असतं, हे मी त्यांना लगेच सुनावतो. लग्नात पंगतीला माझ्या शेजारी कुणी बसत नाही, त्याचं कारण बहुतेक हेच.

घरात मात्र माझं पाणी चालत नाही. माझी आई नृसिंहवाडीची. तिथं पूर आला की नदी देवळात शिरते, देवाच्या पादुकांवरून वाहत दुसऱ्या दारानं बाहेर पडते, आणि लोक पळून जायच्या ऐवजी त्या पाण्यात आंघोळीला गर्दी करतात. अशा गावातून आलेल्या बाईला नदी म्हणजे घरचं माणूस. नळाचा पेला हातात घेऊन ती मला म्हणायची, "धुतलेलं हाय रे तुझं पाणी, न्हाय म्हणत न्हाय. पण त्याला नदीची याद न्हाय." मी रागवायचो. तुझी नदी कच्ची प्यायलीस तर आठवडाभर अंथरुणात पडशील, असं सांगायचो. ती पेला रिकामा करून धुवायला टाकायची.

आमच्या गल्लीच्या जत्रेत मानाचा कलश आमच्या घरचा. तो सगळ्यांच्या पुढं चालतो. आधी तो आई घ्यायची, मग माझी बायको घ्यायला लागली. परवाच्या साली तो माझ्या लेकीनं घ्यायचा असं आईनं ठरवलं होतं, कारण लेक बारावी झाली होती आणि महिन्याभरात पुण्याला शिकायला जाणार होती. एकदा पोरगी शिकायला बाहेर पडली की नोकरी, लग्न, आषाढातल्या शुक्रवारी ती परत कुठली सापडायला. आईनं लेकीसाठी हिरवं इरकल काढून ठेवलं होतं, पितळेचा कलश चिंचेनं घासून लख्ख केला होता, आणि रोज सकाळी तो खाली काढून पुन्हा पुसत होती.

आणि त्या साली पावसानं दडी मारली. मृग कोरडा गेला, आर्द्रा भुरभुरून गेली. नदी हिरवट, शांत, धरणातून सोडलेल्या पाण्यावर चाललेली. गल्लीनं तारीख दोनदा पुढं ढकलली. शेवटी आषाढातला एकच शुक्रवार हातात राहिला. त्यानंतर अमावास्या, मग श्रावण, म्हणजे जत्राही नाही आणि रस्साही नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बैठक बसली. आमच्या मंडळाचे अध्यक्ष धान्याचे व्यापारी आहेत, वयानं माझ्यापेक्षा मोठे. ते घरात कानडी बोलतात, बाहेर मराठी, आणि भांडताना दोन्ही. त्यांनी सगळ्यांच्या देखत मला विचारलं की पाणी कसं आहे. मी सांगितलं की जुनंच आहे, यंत्रावर गढूळपणा काडीचा वाढलेला नाही. वाजंत्रीवाले ठरलेत, बकरी आणून बांधलीत, आचारी पहाटे येणार, असं त्यांनी मला ऐकवलं. मी म्हटलं, ते सगळं खरं असलं तरी नदीला हे कुणी कळवलेलं नाही.

माझी लेक तिथंच उभी होती. तिनं मदत करायच्या हेतूनं एक वाक्य टाकलं आणि माझीच पंचाईत केली. ती म्हणाली की पृथ्वीवर नवं पाणी तयारच होत नाही, तेच पाणी वाफ होतं, ढग होतं, बर्फ होतं आणि फिरत राहतं. अध्यक्षांनी ते वरच्यावर झेललं. सगळंच पाणी जुनं असेल तर उद्याचं काय आणि महिन्यानंतरचं काय, पोरगी शिकलेली आहे, तिचं तरी ऐक, असं ते म्हणाले. कट्टा हसला. मला राग आला, पण उत्तर सुचायला वेळ लागला नाही. मी म्हटलं, माहेरी येणारी लेक तीच असते, जन्मापासून तीच. पण ती दारात आलीच नसेल तर भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा कुणावरून? पाणी जुनं असेना का, त्याचं येणं नवं असतं. आपण येण्याची जत्रा करतो.

यावर कुणी हसलं नाही. पण अध्यक्ष मुरलेले गडी. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. तीत काव होती, तुळशीवृंदावनाला लावतात ती तांबडी काव. प्रत्येक कलशात चिमूटभर टाकायची, पाणी तांबडं होतं, कुणाला काही कळत नाही, असा त्यांचा बेत होता. फक्त गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका माझ्या तोंडाकडं बघतात, तेव्हा पाणी आलं एवढं मी म्हणायचं. माझ्या शब्दावर गल्ली उठते हे त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, उठते ना, मग म्हणूनच मी बोलणार नाही.

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कलश मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं होतं की निदान ती तरी माझ्या बाजूनं असेल. नदीची खरी माणूस ती. तिनं कलशावरून हात फिरवत, माझ्याकडं न बघता म्हटलं, "म्हण की येक डाव, आलंय म्हणून. पोरगी चालली. देवी काय मीटर घिऊन बसली न्हाय."

मी म्हटलं, "देवी न्हाय बसली आई. मी बसलोय."

ती कलश घेऊन आत गेली. रात्रीचं जेवण वाढलं तेही बायकोनं. लेक मधेच म्हणाली की तिला कलश नाही मिळाला तरी चालेल, आणि तिच्या आवाजावरून कळत होतं की चालणार नाही. आयुष्यभर आईनं माझ्याकडं फार थोड्या गोष्टी मागितल्या होत्या, आणि त्यातल्या एकीला मी नाही म्हटलं होतं. तरी सांगतो, मला पश्चात्ताप झाला नाही. वाईट मात्र फार वाटलं.

शुक्रवारी माझी पहिली पाळी होती. घरातून निघालो तेव्हा गल्लीत चुली पेटल्या होत्या. मोठ्या पातेल्यांवरून वाफ वर चढून कौलांशी पांगत होती. बायकांनी कलश सजवले होते. म्हणजे माझ्या शब्दाशिवाय गल्ली निघणार होती. मी गाडी हळू केली नाही.

कामावर चहा व्हायच्या आधीच सहकाऱ्यानं हाक मारली. गढूळपणाचा आकडा किंचित चढला होता. पण मी लगेच उडी मारली नाही. आकडा बऱ्याच कारणांनी चढतो. वरच्या बंधाऱ्याचा एखादा बरगा, म्हणजे पाणी अडवायची फळी, हलवली, कुणी नदीपात्रात म्हशी घातल्या, कुणी यंत्र घालून काठ उकरला, तरी चढतो. तो असतो नदीच्या तळाचा गाळ. त्याला कुबट वास येतो आणि भांड्यात घेऊन ठेवला की पटकन खाली बसतो. डोंगरातल्या तांबड्या मातीचं तसं नसतं. ती पाण्यात विरघळल्यासारखी तरंगत राहते, तुरटी घातल्याशिवाय बसायला तयार होत नाही. मी काचेची बाटली भरली, खिडकीत ठेवली आणि तिच्यासमोर स्टूल घेऊन बसलो. चहा आला, गार झाला. बाटलीतलं पाणी तसंच होतं, वरपासून खालपर्यंत फिकट तांबूस. वास घेतला तर ओल्या पाल्याचा.

तरी मी गगनबावड्याकडं दिलेल्या बहिणीच्या घरी फोन लावला. दाजींनी उचलला. मी पावसाचं विचारल्यावर ते म्हणाले की रात्रभर आभाळ फाटलंय, ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेलाय, आणि तुला कसं कळलं? मी म्हटलं, तुमच्या ओढ्यानं सांगितलं. ते वेड्यासारखे हसले आणि फोन ठेवला.

आता माझ्यापुढं एकच गोष्ट होती. पाणी आमच्या विहिरीशी लागलं होतं, पण गल्लीचे लोक होते खाली घाटावर. मधे नदीला वळणं आहेत, डोह आहेत, पाणी रमतगमत जातं. ते घाटाला लागायला दुपार होणार, असा माझा अंदाज. अंदाजच. नव्या पाण्याचा दम कमी असेल तर ते डोहातल्या जुन्या पाण्यात विरून जातं आणि घाटाला नुसता मचूळ रंग पोचतो. तसं झालं तर जत्रा गेली, जेवण गेलं, पोरीचा कलश गेला, आणि माझा शब्द तर कायमचा गेला.

मी लेकीला फोन लावला. ती घाटावर होती. पाठीमागं ढोल वाजत होता. तिनं सांगितलं की कलश भरलेत, अध्यक्षकाकांनी काव टाकली, आता निघतोय. मी म्हटलं, "फोन मोठा कर. सगळ्यांना ऐकू जाऊ दे." मग मी म्हणालो, "नवं पाणी आलंय. आमच्याकडं लागलंय. कलशातलं ओतून टाका आणि दुपारपर्यंत थांबा."

ढोल थांबला. मग गलका झाला. वाजंत्रीवाल्यांना दुसरीकडं जायचं होतं, बायका उपाशी होत्या, जेवण निवणार होतं. अध्यक्षांनी लेकीच्या हातातून फोन घेतला, बाजूला गेले असावेत, कारण आवाज एकदम जवळ आला. ते दबक्या आवाजात म्हणाले, "गड्या, गल्ली हाय ही. न्हाय आलं तर?"

मी म्हटलं, "न्हाय आलं तर पुन्यांदा मला पाण्याचं काय इचारू नका. माझी आई आसंल तिथं. तिला द्या."

पण फोन आईपर्यंत जायची गरज पडली नाही. फोन अजून मोठाच होता, त्यामुळं माझं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं आणि गलका थांबला होता. त्या शांततेत मला पाण्याचा आवाज आला. एक कलश दगडी पायरीवर उपडा झाल्यावर होतो तो आवाज, आधी भडभड, मग थेंब. नंतर काही क्षण काहीच नाही. मग दुसरा कलश, तिसरा, आणि मग सगळे एकदम. अध्यक्षांनी फोन बंद न करताच खिशात टाकला असावा, कारण मला ते बराच वेळ ऐकू येत राहिलं. पहिला कलश कुणाचा, हे मी त्या वेळी विचारलं नाही. नंतर लेकीनं सांगितलं की आजीनं तिच्या डोक्यावरचा कलश स्वतः खाली घेतला आणि ओतला. सगळ्यांकडं पाठ करून ओतला, आणि पायरीवर बसकण मारून म्हणाली, "बसा गप. दम धरा."

पाळी संपेपर्यंत मी तुरटीचं प्रमाण वाढवत होतो, कारण गढूळपणा चढतच होता आणि गावाला तर स्वच्छच पाणी जायला हवं. एका हातानं मी ज्याचा रंग काढत होतो, त्याच रंगासाठी मनात देवीला हात जोडत होतो. पाळी सुटल्या सुटल्या गाडी काढली आणि थेट घाटावर गेलो.

पाणी हिरवंच होतं.

सगळी गल्ली पायऱ्यांवर बसली होती. वाजंत्रीवाले ढोलाला टेकून पेंगत होते. अध्यक्षांनी दुसऱ्या गल्लीला फोन करून त्यांना आपल्याकडं थांबवून घेतलं होतं, असं कळलं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, दुसऱ्यानं सांगितलं. बायकांच्या डोक्यावरची फुलं मलूल झाली होती. रिकामे कलश एका ओळीत पालथे घातले होते. एकानंही मला काही विचारलं नाही आणि तेच जास्त लागत होतं. कोल्हापूरचा माणूस गप्प बसला की समजावं, तो फार रागात आहे किंवा फार विश्वासानं बसलाय. यातलं कुठलं, हे मला कळत नव्हतं.

मी आईशेजारी बसलो. तिनं जरा सरकून जागा दिली. लेक हिरव्या इरकलात पाय पाण्यात सोडून बसली होती. मी पाण्याकडं बघत होतो आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. विहिरीपाशी बघितलेलं पाणी खोटं नव्हतं. पण मधल्या डोहांनी ते गिळलं असेल तर माझं खरं कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

आधी फेस आला. पांढरा, तुटक, काठाकाठानं. मग पाला आला. आमच्या गावच्या काठावर नाही असा जाड, गडद पाला, मधेच एखादी शेवाळलेली काटकी. आई थोडी पुढं वाकली. आणि मग वरच्या बाजूनं, पात्राच्या मधोमध, एक तांबूस पट्टा हळूहळू सरकत आला. त्याला काही घाई नव्हती. तो रुंद झाला, काठाकडं वळला, लेकीच्या पायांशी आला आणि तिची पावलं दिसेनाशी झाली.

अध्यक्ष गुडघाभर पाण्यात उतरले. ज्यांचा आवाज दुकानातून गल्लीच्या टोकापर्यंत जातो, ते लहान पोरासारखं हळूच म्हणाले, "आलं की." मग वाजंत्रीवाल्यांना कुणी उठवायची गरज राहिली नाही.

माझ्या लेकीनं पहिला कलश भरला. आईनं त्याला पाला बांधला, माळ घातली, तिच्या कपाळाला ओला हात लावला आणि कलश तिच्या डोक्यावर चढवला. आम्ही निघालो. कितीतरी जत्रांत मी चाललोय, पण त्या दिवशीसारखी चाल कधी पडली नाही. पोटात अन्न नसलेल्या बायका नाचत होत्या. रस्त्याकडेचे लोक कलशात डोकावून बघत होते आणि तांबडं पाणी बघून कपाळाला हात लावत होते. लेक सगळ्यांच्या पुढं ताठ चालत होती, तिच्या मानेवरून तांबडे ओघळ उतरत होते आणि इरकल डागाळत होतं. ते डाग आता निघत नाहीत. ती पुण्याला गेली तेव्हा ते इरकल तसंच घेऊन गेली.

टेकडीवर गर्दी होती. आषाढातला शेवटचा शुक्रवार, राहिलेल्या सगळ्या गल्ल्या त्याच दिवशी आलेल्या. लेकीनं देवीच्या पायरीवर कलश ओतला. पाणी पायरीवरून पसरत खालच्या पायरीवर उतरलं, तिथून आणखी खाली. आधीच्या गल्ल्यांनी ओतलेलं पाणी तिथं होतंच. त्यातलं काही साधं पांढरं होतं, काही असं तांबडं की त्यातला रंग पायरीच्या खाचेत चिखलासारखा खाली बसला होता. अध्यक्षांनी ते बघितलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. आमचं पाणी मात्र तांबडं ते तांबडंच वाहत गेलं.

शेजारी दुसऱ्या गल्लीतली एक वयस्क बाई रिकामा कलश घेऊन उभी होती. ती कधीची आमच्या पाण्याकडं बघत होती. शेवटी तिनं आईला विचारलं की सकाळी नदी तर हिरवी होती, मग तुम्हाला हे पाणी कुठं मिळालं, तुम्हाला कसं कळलं?

आईनं पदर सारखा केला. कालपासून तिनं माझ्याकडं धड बघितलं नव्हतं, ती आता वळली आणि त्या गर्दीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, बोट माझ्याकडं करून म्हणाली, "नदी आदी माझ्या लेकाला सांगती. मग गावाला."

चार लोकांनी मान वळवून मला बघितलं. असं कुणी आपल्याबद्दल बोललं की माणसानं मान खाली घालायची असते, तसं काही नाही म्हणायचं असतं, अशी रीत आहे. मी मान खाली घातली नाही. मी तिथं पायरीवर ताठ उभा राहिलो, आणि त्या बाईला म्हटलं, "व्हय. खरं हाय."